ऑग्सबर्गचा सावकार याकोब फुगर व त्याची गरिबांची वाडी

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांतांत ऑग्सबर्ग नांवाचें एक पुरातन शहर आहे. त्या शहरांत, स्वतःची भिंत व स्वतःचे दरवाजे असलेली ६७ घरांची एक वाडी असून तिला फुगराय असें म्हणतात. ह्या वाडींत राहणारा मनुष्य वर्षाचें भाडें म्हणून ८८ सेंट, म्हणजे एक युरोहूनही कमी रक्कम देतो, आणि रोज तीन प्रार्थना म्हणतो. भाड्याचा हा दर इ. स. १५२१ सालीं ठरला. त्यानंतरच्या पांचशें वर्षांत राजे गेले, साम्राज्यें बुडालीं, नाण्यांचीं नांवें बदललीं. दर मात्र बदललेला नाहीं. ज्या सावकारानें हा करार लिहून दिला त्याचें नांव याकोब फुगर. ज्युबिलीच्या स्मरणिकेंत साधुसंतांचीं चरित्रें असावींत हें योग्यच आहे. परंतु आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों तें चरित्र साधूचें नव्हे. तें एका व्यापाऱ्याचें आहे, आणि त्या व्यापाऱ्याचे हात सर्वस्वी स्वच्छ होते असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

तरीही हाच विषय आम्हीं घेतला ह्यास कारण आहे. ज्युबिलीच्या वर्षीं वृद्धांसाठीं कांहींतरी कायमचें करावें, असा विचार आपल्यांतील पुष्कळांच्या मनांत येतो. मुलें आखातांत किंवा त्याहून दूर देशीं स्थायिक झालेलीं, आणि मोठ्या घरांत दोन म्हातारीं माणसें, कधीं एकच, हें चित्र वसईपासून गोव्यापर्यंत कोणास नवें नाहीं. असें काम हातीं घेतांना पैसा कोठून आणावा हा प्रश्न सर्वजण विचारतात. परंतु तें काम आपल्या मागें कसें टिकेल, आणि ज्याच्यासाठीं तें करावयाचें त्याची मान खालीं न जातां तें कसें करतां येईल, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. फुगरनें ते विचारले होते, आणि त्यांचीं उत्तरें त्यानें विटांत व कागदांत अशा दोन्ही ठिकाणीं लिहून ठेवलीं.

फुगरांचें घराणें मूळचें विणकऱ्यांचें. हान्स फुगर नांवाचा विणकर ग्राबेन ह्या खेड्यांतून १३६७ सालीं ऑग्सबर्गास आला, ही गोष्ट शहराच्या करवसुलीच्या वहींत नोंदलेली आहे. त्याचा नातू याकोब ह्याचा जन्म ६ मार्च १४५९ रोजीं झाला. घरांत भावंडें पुष्कळ होतीं. याकोब दहा वर्षांचा असतांना, १४६९ सालीं, बाप वारला. तेव्हां आई बार्बरा बेझिंगर हिनें धंदा हातीं घेतला, आणि तो नुसता सांभाळला नाहीं, तर वाढविला. फुगरांच्या वैभवाच्या कथेंत ह्या विधवेचें नांव फारसें घेतलें जात नाहीं. तें घेतलें जावयास हवें होतें असें आम्हांस वाटतें. तिच्या मुलाच्या मोठेपणाचा पाया तिनें घातला होता.

याकोब मुलांत धाकटा असल्यामुळें त्यास देवाच्या सेवेस द्यावें असा घरचा बेत होता, व हेरीडेन येथील मंदिरांत त्यास कॅननची जागाही मिळाली होती. परंतु कांहीं भाऊ अकालीं वारल्यामुळें त्यास धंद्यांत ओढावें लागलें. व्हेनिस शहरांत जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार होती. तेथें तो इटालियन पद्धतीचा जमाखर्च शिकला. म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदां जमेस व एकदां नांवें असा दोन ठिकाणीं लिहावयाचा, कीं जेणेंकरून चूक लपून राहूं नये. आज आपल्या पतपेढींतील लहान कारकुनासही ही रीत ठाऊक असते. त्या काळीं आल्प्स पर्वताच्या उत्तरेस ती फार थोड्यांस येत होती.

१४८५ सालीं तो इन्सब्रुक येथील पेढीचा कारभार पाहूं लागला. टिरोलचा अधिपति आर्चड्यूक सिगिसमुंड हा उधळ्या व सदा कर्जबाजारी. फुगरनें त्यास कर्ज दिलें, पण फेड नाण्यांत न मागतां श्वात्सच्या खाणींतील चांदींत मागितली. राजा पैसे बुडवूं शकतो, खाण बुडवूं शकत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. पुढें १४९४ च्या सुमारास थुर्झो घराण्याशीं भागीदारी करून हंगेरींतील तांब्याच्या खाणी त्यानें हातीं घेतल्या. त्या खाणींचें गांव आज स्लोव्हाकियांत बान्स्का बिस्त्रित्सा ह्या नांवानें ओळखलें जातें. गेओर्ग व उलरिख हे भाऊ अनुक्रमें १५०६ व १५१० सालीं वारले, आणि पेढीचा सर्व कारभार एकट्या याकोबाच्या हातीं आला. १४९८ सालीं सिबिला आर्त्स्ट हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता. संतान झालें नाहीं. १५११ सालीं त्यास सरदारकी मिळाली, १५१४ सालीं काउंट ही पदवी मिळाली. लोक त्यास नुसतें 'श्रीमंत याकोब' म्हणत.

येथें आपल्या किनाऱ्याशीं असलेला एक धागा सांगितला पाहिजे. १५०५ सालच्या मार्चांत दों फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगालचा हिंदुस्थानांतील पहिला व्हाइसरॉय लिस्बनहून निघाला. त्याच्या आरमारांतील तीन गलबतांत जर्मन व इटालियन व्यापाऱ्यांचें भांडवल होतें. जर्मनांत मोठा वांटा वेल्झर पेढीचा, २०,००० क्रुझादोंचा. फुगरांचा ४,००० चा. ह्याच आरमारानें सप्टेंबरांत कारवारसमोरील अंजदीव बेटावर, जें आज गोवा राज्यांत मोडतें, किल्ल्याचें काम सुरू केलें, आणि मग तें कण्णूर व कोचीकडे मिऱ्यांसाठीं गेलें.  समुद्रांत गलबत बुडण्याची भीति स्वतः घेण्यापेक्षां अँटवर्प येथील पोर्तुगीज राजाच्या वखारीस तांबें व चांदी विकणें त्यास अधिक शहाणपणाचें वाटलें. मलबारांत मिऱ्यांच्या मोबदल्यांत पोर्तुगीज जो माल देत त्यांत तांबें प्रमुख असे. तेव्हां हंगेरीच्या डोंगरांत खणलेलें फुगरचें तांबें केरळच्या भांड्यांत व नाण्यांत गेलें, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मिरीं ऑग्सबर्गच्या तिजोरींत सोनें होऊन शिरलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं, १५८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, फुगर व वेल्झर ह्या दोन्ही पेढ्यांचा फर्डिनांड क्रोन नांवाचा मुनीम प्रत्यक्ष गोव्यास येऊन राहिला. ज्या सागरी मार्गानें हें तांबें आलें त्याच मार्गानें १५४२ सालीं संत फ्रान्सिस झेवियर आले. देव आपलें कार्य कोणत्या गलबतांतून धाडील ह्याचा नेम नाहीं.

आतां कडू भाग. १५१९ सालीं जर्मनीच्या सात राजनिवडकांनीं स्पेनच्या चार्ल्स राजास सम्राट् म्हणून निवडलें. ह्या निवडणुकीस सुमारें ८,५२,००० गुल्डन खर्च झाले, व त्यांतील सुमारें ५,४४,००० एकट्या फुगरनें पुरविले. हा खर्च कशाचा, हें आजच्या वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं. १५२३ सालीं, कर्जाची फेड रखडली असतां, फुगरनें सम्राटास पत्र लिहून आपल्यावांचून रोमन मुकुट त्यास मिळता ना, ह्याची रोखठोक आठवण करून दिली.

ह्याहून अधिक टोंचणारी गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेशीं निगडित आहे, आणि ती कॅथलिक स्मरणिकेंत सांगूं नये असें आम्हांस वाटत नाहीं. १५१४ सालीं ब्रान्डेनबुर्गचा आल्ब्रेख्त माइन्झचा आर्चबिशप झाला. त्यासाठीं रोमला भरावयाची रक्कम त्यानें फुगरकडून कर्जाऊ घेतली. पुढें रोम येथील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठीं दंडमुक्ति जाहीर झाली तेव्हां त्याच्या मुलुखांत भाविकांनीं टाकलेल्या दानाचा निम्मा भाग ह्या कर्जाच्या फेडीस जावा असें ठरलें. पेटीजवळ प्रवचनकार उभा असे आणि फुगरचा माणूसही असे. १५१७ सालीं मार्टिन लूथरनें आवाज उठविला तो ह्याच प्रकाराविरुद्ध. १५१८ च्या आक्टोबरांत कार्डिनल कायेतान ह्यांनीं लूथरची चौकशी केली ती ऑग्सबर्गांत, फुगरांच्याच वाड्यांत. पैसा घेऊन दंडमुक्ति देण्याची रीत पुढें १५६७ सालीं पोप संत पाचवे पायस ह्यांनीं बंद केली. पण तोंवर ख्रिस्तसभेचे दोन तुकडे होऊन गेले होते. त्या फाटाफुटीचें खापर एकट्या सावकाराच्या माथीं फोडणें अन्याय होईल. तथापि त्यास मुळींच दोष नव्हता असें म्हणणें हा त्याहून मोठा अन्याय होईल.

व्याजाचा प्रश्नही होताच. कर्जावर व्याज घेणें हें ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें पाप समजलें जात असे. १५१५ सालीं योहान एक ह्या धर्मपंडितानें बोलोन्याच्या वादसभेंत शेंकडा पांच व्याजाची बाजू मांडली, आणि तिला फुगरचें पाठबळ होतें. १५२५ सालीं शेतकऱ्यांनीं सरदारांविरुद्ध उठाव केला तेव्हां तो मोडून काढणाऱ्या सैन्यास फुगरचा पैसा मिळाला. अशा माणसास पापपुण्याची चाड नव्हती असें कोणी म्हणेल. आमचें मत उलट आहे. त्यास ती चाड होती, कदाचित् भीतिही होती. वह्या लिहिणारा मनुष्य शेवटच्या हिशेबाचा विचार करीत नाहीं असें होत नाहीं. त्याच्या पेढीच्या खतावणींत ऑग्सबर्गचे पालक संत उलरिख ह्यांच्या नांवाचें एक खातें होतें. धर्मकार्याची रक्कम त्या खात्यावर पडे. संतास भागीदार म्हणून वहींत घेणारा हा सावकार आपल्या गुजराती-मारवाडी पेढ्यांस परका वाटला नसता. त्यांच्याही वह्यांत धर्मादाय खातें असतेंच.

वृद्ध व निराधार माणसांसाठीं घर बांधण्याची कल्पना फुगरची स्वतःची नव्हे. शेजारच्या न्यूरेंबर्ग शहरांत कोनराड मेंडेल नांवाच्या व्यापाऱ्यानें १३८८ सालींच बारा वृद्ध कारागिरांसाठीं एक घर स्थापिलें होतें. बारा हा आंकडा प्रेषितांवरून घेतलेला. तेथें कोणी चांभार, कोणी सुतार, कोणी सुया करणारा, हात थकल्यावर येऊन राहत. पुढें १४२५ च्या सुमारापासून प्रत्येक बंधूचें त्याच्या हत्यारांसह चित्र एका वहींत काढून ठेवण्याचा प्रघात पडला, त्यामुळें त्या काळचे धंदे कसे चालत हें आज विद्वानांस त्या म्हाताऱ्यांच्या वहींतून कळतें. त्याच शहरांत माथेउस लांडाउअर ह्या धातूंच्या व्यापाऱ्यानें १५०१ सालीं तसेंच दुसरें घर काढलें. त्या घरच्या प्रार्थनामंदिरासाठीं आल्ब्रेख्त ड्यूरर ह्या थोर चित्रकाराकडून त्यानें पवित्र त्रैक्याच्या आराधनेचें चित्र करून घेतलें. १५११ चें तें चित्र आज व्हिएन्ना येथें आहे. लांडाउअर आयुष्याच्या अखेरीस आपण बांधलेल्या त्या घरींच जाऊन राहिला आणि १५१५ सालीं वारला. स्वतः बांधलेल्या वृद्धाश्रमांत स्वतः राहावयास जाणारे दाते थोडेच, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

पण ह्या दोन्ही घरांत मठाचा नमुना होता. बारा पुरुष, एक छप्पर, एक पंगत, एक पोशाख. बायकोस तेथें जागा नाहीं, मुलांस नाहीं. फुगरनें हा नमुना घेतला नाहीं, आणि त्याचें खरें मोठेपण आम्हांस येथें दिसतें. १५१६ सालीं त्यानें शहराच्या याकोबर उपनगरांत जागा घेतली, आणि थोमास क्रेब्स ह्या गवंड्याकडून १५२३ पर्यंत तेथें ५२ घरें उभीं राहिलीं. सरळ गल्ल्या, गल्लीच्या दोन्ही बाजूंस दुमजली घरांच्या एकसारख्या ओळी, आणि प्रत्येक घरांत दोन बिऱ्हाडें, एक तळमजल्यावर व एक माडीवर. प्रत्येक बिऱ्हाडाचें दार मात्र स्वतंत्र, थेट रस्त्यावर उघडणारें! माडीवरच्यास खालच्याच्या घरांतून जावें लागत नाहीं. आंत स्वयंपाकघर व खोल्या, मिळून सुमारें साठ चौरस मीटर जागा. त्या काळचा मजूर कुटुंबासह एखाद्या खोलींत दाटीवाटीनें राहत असतांना कोणी त्याच्यासाठीं स्वतंत्र दाराचा विचार करावा, हें आम्हांस फार विलक्षण वाटतें. दाराशेजारील घंटा ओढण्याच्या लोखंडी कड्या निरनिराळ्या आकारांच्या आहेत; एकीस तिपतीचा आकार, दुसरीस देवदाराच्या फळाचा. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हां घरें एकसारखीं असल्यामुळें अंधारांत आपलें दार ओळखावें कसें, तर कडी चांचपून, असें तेथें सांगतात. डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्याच्या दृष्टीनें ह्या कडीचें मोल काय, हें आपल्या घरीं वडील मंडळी असणाऱ्यांनीं ओळखावें.

दरवाज्यांवर १५१९ सालच्या शिला आहेत. त्यांवर लॅटिन भाषेंत उलरिख, गेओर्ग व याकोब ह्या तिन्ही भावांचीं नांवें आहेत, जरी त्यांतील दोघे तोंवर वारले होते. आपली संपत्ति परमेश्वराच्या औदार्यानें मिळाली असून तिची त्यास परतफेड करणें आहे, अशा आशयाचे शब्द त्यांवर कोरले आहेत. परतफेड! सावकार देवाशींही सावकारी भाषेंतच बोलला. आम्हांस हें त्याच्या नुसत्या नम्रतेच्या शब्दांहून अधिक प्रामाणिक वाटतें.

स्थापनेचा लेख २३ आगस्ट १५२१ चा. त्या एकाच लेखांत फुगरनें तीन धर्मकार्यांची व्यवस्था लावली: संत अॅनाच्या मंदिरांतील कुटुंबाचें दफनदालन, संत मोरित्झच्या मंदिरांत चांगला प्रवचनकार असावा ह्याची तरतूद, आणि ही वाडी. वाडीसाठीं १०,००० गुल्डनांचें मूळ भांडवल वेगळें काढलें. राहणारा कोण असावा? ऑग्सबर्गचा रहिवासी, कष्टकरी, भाविक, आपल्या दोषावांचून गरिबीस आलेला, आणि भिक्षा न मागणारा. भाडें वर्षास एक ऱ्हेनिश गुल्डन. म्हणजे त्या वेळच्या कारागिराची सुमारें एका आठवड्याची मजुरी. शिवाय रोज एकदां 'आमच्या बापा', 'नमो मरिया' व विश्वासांगीकार ह्या प्रार्थना संस्थापक व त्याच्या घराण्यासाठीं म्हणाव्या.

भिक्षेकऱ्यास वगळलें ह्याबद्दल फुगरवर टीका होते, आणि ती अगदींच गैर नाहीं. रस्त्यावर हात पसरणारा मनुष्य येशूच्या दृष्टीनें कमी गरीब नव्हता. पण भाड्याची अट आम्हांस शहाणपणाची दिसते. भाडें इतकें थोडें कीं म्हातारपणीं सूत कांतणाऱ्या विधवेसही तें देतां यावें, परंतु तें भाडें होतें. भाडें देणारा मनुष्य भाडेकरू असतो. तो कोणाच्या दारांत बसलेला नसतो, दार त्याचें असतें. प्रार्थनेचेंही तसेंच. धनिकास गरीब माणूस देऊं शकेल अशी एकच वस्तु फुगरला ठाऊक होती, ती म्हणजे प्रार्थना, आणि ती त्यानें मागून घेतली. ह्या सौद्यांत घेणारा नेमका कोण आणि देणारा कोण, हें निश्चित सांगणें कठीण आहे.

वाडीचा पुढील इतिहास सुखाचा नाहीं. १५८१-८२ सालीं हान्स हॉल ह्यानें तेथें संत मार्काचें छोटें मंदिर बांधलें. तीस वर्षांच्या युद्धांत १६३२ सालीं स्वीडिश सैन्य शहरांत शिरलें; रहिवाशांस बाहेर काढून घरांत शिपाई ठेवले गेले. पुढें १६८१ पासून १६९४ पर्यंत फ्रान्झ मोझार्ट नांवाचा एक गरीब गवंडी येथें राहिला व येथेंच वारला. जगप्रसिद्ध संगीतकार वोल्फगांग मोझार्ट हा त्याचा पणतू. फुगरची पेढी मात्र तोंवर मिटली होती. राजांस दिलेलीं कर्जें, विशेषतः स्पेनच्या राजांस दिलेलीं, बुडालीं, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास तिचे व्यवहार आटोपले. याकोबाच्या मृत्यूनंतर झालेल्या मोजदादींत जी पेढी सुमारें २० लाख गुल्डनांची भरली होती, ती नाहींशी झाली. १०,००० गुल्डनांची वाडी राहिली.

ती राहिली कशी, हें जाणून घेणें आपल्यास अगत्याचें आहे. एक तर तिचें भांडवल पेढीच्या भांडवलांत मिसळलेलें नव्हतें. लेखानें तें वेगळें केलें होतें, म्हणून पेढीबरोबर तें बुडालें नाहीं. दुसरें, घराण्याच्या वारसांनीं काळ ओळखून तें नाण्यांत न ठेवतां जमिनींत व जंगलांत घातलें. १९२३ सालीं जर्मनींत चलन इतकें घसरलें कीं रोख्यांत पैसा गुंतविणाऱ्या धर्मसंस्था एका वर्षांत भिकेस लागल्या. झाडें मात्र उभींच होतीं. आजही ह्या वाडीचा खर्च मुख्यतः जंगलाच्या उत्पन्नावर व पाहावयास येणाऱ्या प्रवाशांच्या शुल्कावर चालतो. आपल्याकडील किती तरी फंड देणगीदाराच्या तसबिरीसह भिंतीवर राहतात आणि व्याजाचा दर उतरला कीं निजतात, हें आठवून आम्हांस ह्या जंगलाचा हेवा वाटला.

सर्वांत मोठें संकट दुसऱ्या महायुद्धांत आलें. १९४४ च्या फेब्रुवारींत २५ तारखेच्या रात्रीं ऑग्सबर्गावर बाँबवर्षाव झाला व वाडीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. आदल्या वर्षीं आवारांत भुयारी आसरा बांधला होता, त्यानें रहिवाशांचे प्राण वाचविले. ढिगारे अजून धुमसत होते. १ मार्च रोजीं फुगर घराण्याच्या प्रमुखांनीं वाडी पुन्हां बांधण्याचा ठराव केला. पराभव समोर दिसत असलेल्या देशांत, चार-पांच दिवसांच्या आंत केलेला हा ठराव आम्हांस याकोबाच्या सर्व खाणींपेक्षां मोलाचा वाटतो. जुन्या आंखणीप्रमाणेंच घरें पुन्हां उभीं राहिलीं. मागाहून जवळची जागा घेऊन वाडी वाढविण्यांत आली. आज तेथें ६७ घरांत १४० बिऱ्हाडें असून सुमारें १५० माणसें राहतात.

पूर्वीं ह्या वाडींत मजुरांचीं लेंकुरवाळीं कुटुंबें असत. आतां पुष्कळसे रहिवासी वयोवृद्ध आहेत, त्यांत एकट्या स्त्रियाही आहेत. थोडीं तरुण कुटुंबेंही आहेत. नियम तेच: ऑग्सबर्गचा रहिवासी, कॅथलिक, गरजू. वीज व उष्णता ह्यांचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. रात्रीं दहा वाजतां दरवाजे बंद होतात. उशिरा येणाऱ्यानें राखणदारास मध्यरात्रीपर्यंत ५० सेंट व त्यानंतर एक युरो द्यावयाचा. म्हणजे दोन रात्रीं उशीर केला तर वर्षाच्या भाड्याहून अधिक दंड पडतो! तेथील म्हातारीं माणसें ह्यावर विनोद करीत असतील तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.

याकोब फुगर ३० डिसेंबर १५२५ रोजीं ऑग्सबर्ग येथें निवर्तला. पुतण्या आंतोन ह्यानें पेढी पुढें चालविली. संत अॅनाच्या मंदिरांत भावांसाठीं व स्वतःसाठीं जें दफनदालन त्यानें इटालियन धर्तीवर बांधविलें होतें, तेथें त्यास पुरलें. परंतु त्याच्या मृत्यूच्या पांचच दिवस आधीं, नाताळच्या दिवशीं, त्या मंदिरांत लूथरच्या रीतीनें प्रभुभोजन दिलें गेलें होतें, आणि पुढें तें मंदिर लूथरपंथीयांचें झालें तें आजतागायत तसेंच आहे. ज्या दंडमुक्तीच्या कर्जानें ही फूट पडण्यास हातभार लागला त्या कर्जाचा धनको आज त्या पंथाच्या छपराखालीं निजला आहे. त्या मंदिरापासून थोड्या अंतरावर, शहराच्या जुन्या उपनगरांत, त्याच्या नांवें रोज तीन प्रार्थना म्हणण्याचा करार आजही चालू आहे. भाडें वेळेवर आलें कीं नाहीं हें व्यवस्थापक पाहतात. प्रार्थना म्हटली कीं नाहीं हें त्या घरांतील मनुष्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेलें आहे.